आखातात युद्ध भडकले तर गोव्यात गॅस, पेट्रोल आणि वीज यांचे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातून वाईट बातमी आली की वास्को, मडगाव, म्हापशाच्या पंपांवर स्कूटरींच्या रांगा लागतात. ही रांग बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. गोव्यातल्या घराला युद्धाची पहिली झळ लागायची ती स्वयंपाकाच्या गॅसमधून. पेट्रोल त्यानंतर येते आणि वीज सगळ्यांत शेवटी. असे का आणि त्यावर काय करता येते, ते खाली दिले आहे.

होर्मुझची सामुद्रधुनी एवढी महत्त्वाची का?

इराण आणि ओमानचे मुसंडम टोक यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर आहे. जहाजांना जाण्याची आणि येण्याची मार्गिका प्रत्येकी जेमतेम ३ किलोमीटर रुंद. २०२४ मध्ये तिथून दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल तेल बाहेर पडत होते, म्हणजे जगाच्या वापराचा साधारण पाचवा हिस्सा. जहाजाने जाणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचाही पाचवा हिस्सा तिथूनच जायचा आणि त्यातला बहुतेक कतारचा.

कच्च्या तेलाला थोडा वळसा आहे. सौदी अरेबियाची अबकैक ते यान्बू ही सुमारे १,२०० किलोमीटरची पाइपलाइन तांबड्या समुद्राकडे उतरते आणि अमिरातीची हबशान ते फुजैरा पाइपलाइन सामुद्रधुनीच्या बाहेर निघते. कतार आणि कुवेतच्या गॅसला असली वाट नाही. तो होर्मुझमधूनच यायचा. पुढचे बरेचसे उत्तर याच एका फरकात आहे.

होर्मुझ अडली तर दुसऱ्या दिवशी पंप कोरडे पडतील का?

नाही. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून आणतो हे खरे. पण ते शुद्ध करण्याची आपली क्षमता वर्षाला सुमारे २५.७ कोटी टन आहे, ती देशाच्या एकूण वापराहून अधिक. म्हणून आपण पेट्रोल-डिझेल निर्यात करतो. टंचाईची चाहूल लागली की निर्यात आवळून तोच माल देशात वळवता येतो. शिवाय कच्चे तेल रशिया, अमेरिका, पश्चिम आफ्रिका, ब्राझील अशा अनेक ठिकाणांहून येते. २०२२ च्या आधी रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आत होता, २०२३-२४ मध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास गेला.

गोव्यात तेलशुद्धीकरण होत नाही. तयार पेट्रोल, डिझेल आणि विमानाचे इंधन मुख्यतः मुरगाव बंदरात टँकर जहाजाने उतरते आणि साठवण टाक्यांतून टँकर लॉरीने पंपावर जाते. म्हणजे आपण जहाजाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहोत. मात्र ही जहाजे देशाच्या किनाऱ्याकिनाऱ्यानेच येतात, त्यांना होर्मुझ ओलांडावी लागत नाही.

पंप कोरडा पडतो तो बहुधा आपल्याच घाईमुळे. पंपाची एक टाकी साधारण २० हजार लिटरची आणि लॉरी १२ किंवा २० हजार लिटरची. एरवी २ लिटर भरणारी स्कूटर एका संध्याकाळी ५ लिटर भरू लागली, तर २ हजार स्कूटरींमागे ६ हजार लिटर जास्त जातात. लॉरीची फेरी मात्र ठरल्या वेळेलाच होते. गोव्यात माणशी जवळपास एक वाहन आहे, तेव्हा हा हिशेब इथे फार लवकर बिघडतो.

देशाकडे ७४ दिवसांचा साठा आहे म्हणतात. तो नक्की कुठे असतो?

या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. विशाखापट्टणम (१३.३ लाख टन), मंगळुरू (१५ लाख टन) आणि उडुपी जिल्ह्यातील पादूर (२५ लाख टन) इथे खडकात खोदलेल्या गुहांमध्ये सरकारचा राखीव साठा ठेवता येतो. एकूण ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज. उरलेले चौसष्ट-पासष्ट दिवस हे तेल कंपन्यांच्या टाक्यांची आणि पाइपलाइनींची साठवण धरून काढलेले आहेत. आणि हे सगळे आकडे साठवणक्षमतेचे आहेत. गुहा प्रत्येक दिवशी काठोकाठ भरलेली असेलच असे नाही.

दुसरे म्हणजे गुहेत असते ते कच्चे तेल. ते शुद्ध झाल्याशिवाय स्कूटरमध्ये जात नाही. मंगळुरूची गुहा तिथल्या रिफायनरीच्या जवळ आहे आणि गोव्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या बाजूने ही जमेची गोष्ट.

मग स्वयंपाकाच्या गॅसचीच एवढी काळजी का?

कारण इथे तिन्ही बाजू एकदम कमकुवत आहेत. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो. त्या आयातीतला ९० टक्क्यांच्या आसपास माल अमिराती, कतार, सौदी आणि कुवेत यांच्याकडून येत आला आहे. आणि कच्च्या तेलासारखा मोठा राखीव साठा या गॅसचा नाही. विशाखापट्टणमला ६० हजार टनांची आणि मंगळुरूला ८० हजार टनांची भूमिगत गुहा आहे. देशाचा खप वर्षाला ३ कोटी टनांच्या घरात, म्हणजे दिवसाला ८० हजार टनांहून जास्त. दोन्ही गुहा भरलेल्या असल्या तरी तो साठा देशाला दोन दिवसही पुरत नाही. बाकी सगळे बंदरांवरच्या टाक्या, बाटलीबंद करणारे कारखाने आणि समुद्रावरची जहाजे यांच्या भरवशावर.

पर्यायी माल आहे, पण लांबचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी २०२६ साठी अमेरिकेकडून सुमारे २२ लाख टन एलपीजी घेण्याचा करार केला. तो वर्षाच्या आयातीच्या साधारण १० टक्के भरतो. आखातातून पश्चिम किनाऱ्यावर जहाज चार-पाच दिवसांत पोहोचते. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला महिन्याहून जास्त लागतो. मधले तीन-चार आठवडे कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे.

रिफायनऱ्यांना आदेश देऊन प्रोपेन-ब्युटेन (एलपीजी याच दोन वायूंचा बनतो) पेट्रोरसायनांकडे न जाऊ देता एलपीजीकडे वळवता येते. त्याने उत्पादन वाढते, पण आयातीचे भगदाड बुजण्याइतके नाही.

गोव्यापर्यंत गॅस येतो कसा, आणि वाटेत काय बिघडते?

राज्याबाहेरून रस्त्याने, कॅप्सूल टँकरमधून. कुंडईसारख्या ठिकाणी तो सिलिंडरमध्ये भरला जातो आणि तिथून एजन्सींना जातो. दक्षिणेकडून येणारा टँकर मंगळुरू, अंकोला, कारवार, पोळे असा राष्ट्रीय महामार्ग ६६ धरतो.

या वाटेला युद्धाची गरज लागत नाही. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर इथे दरड कोसळली, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि तिथे उभा असलेला एलपीजीचा टँकर गंगावळी नदीत वाहून गेला. त्याच वर्षी ७ ऑगस्टला कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. अनमोड आणि चोर्ला घाटांत पावसाळ्यात अवजड वाहनांवर निर्बंध येतात ते वेगळेच. जून ते सप्टेंबर या काळात आखातातला तणाव आणि घाटातली दरड एकत्र आली, तर सिलिंडर दहा-बारा दिवस उशिरा येण्यात काही नवल नाही. चवथीच्या तोंडावर मागणी चढलेली असते, हेही धरून चाला.

सिलिंडर साठवून ठेवू का?

घरगुती जोडणीवर दोन सिलिंडर (डबल बाटला) मिळतात. एकच असेल तर दुसऱ्याची नोंदणी शांततेच्या दिवसांत करून ठेवा, गर्दीत ती होत नाही. त्यापलीकडे शेजाऱ्याच्या नावाने, काळ्या बाजाराने जमवलेले सिलिंडर घरात ठेवण्यात फायद्यापेक्षा धोका मोठा. कायद्याने परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी पाहा, टंचाईच्या काळात तर नक्कीच.

वजन: कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवा आणि तेवढे भरते का ते डिलिव्हरीवाल्याच्या काट्यावर पाहा. काटा जवळ बाळगणे त्याला बंधनकारक आहे.

तपासणीची मुदत: त्याच पट्टीवर बी-२७ असे काहीतरी रंगवलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा.

झडप: टोपी काढून आतली रबरी कडी जागेवर आहे का ते पाहा, साबणाचे पाणी घाला. बुडबुडे आले तर टोपी लावून सिलिंडर बाहेर उघड्यावर न्या आणि १९०६ वर फोन करा. ही गळतीची देशभराची हेल्पलाइन चोवीस तास चालते.

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून राखीव सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात, तळघरात किंवा विहिरीजवळच्या खोलगट जागेत ठेवू नका. नेहमी उभा ठेवा. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत आणि उंदरांच्या कृपेने ती बऱ्याचदा त्याआधीच जाते.

इंडक्शन शेगडीने गॅसची गरज भागेल का?

बऱ्यापैकी. हिशेब असा. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिट एवढी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली दोन-तृतीयांश भांड्याला लागते, म्हणजे साधारण १२० युनिट. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेवढ्या कामाला १४० युनिट वीज लागते. तुमचा सिलिंडर ४० दिवस पुरत असेल तर दिवसाला साडेतीन युनिट. त्याला आपल्या बिलातल्या सगळ्यांत वरच्या स्लॅबच्या दराने गुणा, कारण ही वाढीव वीज त्याच दराने पडते.

घोटाळा शेगडीत नसतो, वायरिंगमध्ये असतो. २,००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवा. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन लावून ती चालवली की आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिकचा वास येतो. जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. तिथे स्वयंपाकघरापर्यंत वेगळी लाइन ओढल्याशिवाय शेगडी लावू नका. संध्याकाळी गावात व्होल्टेज खाली आले की यंत्र एरर दाखवून बंद पडते. तो दोष यंत्राचा नसतो. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालत नाही. भांडे चालेल की नाही ते तळाला चुंबक लावून पाहा. चिकटले तर चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही.

गॅस पूर्ण सोडायची गरज नाही. भात, डाळ, पाणी, दूध इंडक्शनवर आणि फोडणी, भाकरी, मासे तळणे गॅसवर अशी वाटणी केली की सिलिंडर जवळपास दुप्पट दिवस जातो.

आहे तो गॅस वाचवायला सगळ्यांत मोठा उपाय कोणता?

अंघोळीचे पाणी गॅसवरून उतरवा. २० लिटरची बादली २७ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ४५ ग्रॅम गॅस जातो. चार माणसांचे रोज १८० ग्रॅम, महिन्याला ५.४ किलो. म्हणजे सिलिंडरचा तिसऱ्या भागाहून जास्त गॅस न्हाणीत जातो. सौर बंब असेल तर उत्तम. न्हाणीत भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) अजून बसवलेले असेल तर करवंट्या आणि सोडणं (नारळाची सालं) तिथे लावा, गॅस चुलीपुरता राखा. धूर बाहेर जायची वाट मोकळी आहे ना, एवढे पाहा.

दुसरा नंबर उकड्या तांदळाचा. न भिजवता शिजवला तर तो भरपूर वेळ ज्योत खातो. रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे खळखळ उकळू द्या, झाकण घट्ट बसवा, टोप जाड चादरीत गुंडाळून पाऊण तास ठेवा. मग लागलेच तर पाच मिनिटे आच द्या. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोके सुईने साफ करा. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेला गॅस आणि काळे भांडे.

आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. आम्ही सुटलो का?

बऱ्याच अंशी. पाइपचा गॅस म्हणजे नैसर्गिक वायू, एलपीजी नव्हे. गोव्यात तो दाभोळ-बंगळुरू पाइपलाइनच्या फाट्यावरून येतो. देशाच्या गरजेपैकी निम्म्याच्या आसपास वायू आयात होतो आणि त्यात कतारचा वाटा मोठा आहे. पण देशात निघणाऱ्या वायूच्या वाटपात घरगुती पाइप आणि सीएनजी यांना अग्रक्रम असतो. तोडायची वेळ आली तर पहिली कात्री उद्योगांवर चालते. २०२२ मध्ये रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीच्या पूर्वीच्या सिंगापूरमधल्या शाखेने ठरलेली जहाजे पाठवली नाहीत, तेव्हा तसेच झाले.

गोव्यात याचा फटका झुआरीनगरच्या खत कारखान्याला बसू शकतो, कारण तिथला अमोनिया आणि युरिया याच वायूपासून बनतो. म्हणजे होर्मुझचा परिणाम काणकोणच्या किंवा सत्तरीच्या शेतकऱ्याच्या युरियाच्या पोत्यापर्यंत येतो, फक्त उशिरा.

कतारकडून वर्षाला ७५ लाख टन वायू घेण्याचा दीर्घ करार २०२८ पासून पुढे वीस वर्षांसाठी वाढवला गेला, त्यावर सह्या ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेतूलच्या ऊर्जा सप्ताहात झाल्या. करार भाव कसा ठरेल याची खात्री देतो. जहाजाच्या वाटेची देत नाही.

हॉटेल, शॅक, खाणावळ, गाडा यांनी काय करावे?

टंचाईत सर्वांत आधी १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर कमी होतो, कारण घरगुती ग्राहकाला आधी देण्याचेच धोरण असते. त्याचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो आणि आंतरराष्ट्रीय दर लगेच दाखवतो. तेव्हा मेन्यूचे दर ठरवताना दोन महिन्यांची उसंत धरा.

परवान्याशिवाय १०० किलो ही मर्यादा इथेही आहे. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आणला की तुम्ही नियमाबाहेर आणि आग लागली तर विमा कंपनीला निमित्त सापडले. सिलिंडर स्वयंपाकघराबाहेर, जाळीच्या, वारा खेळत्या जागेत उभे ठेवा.

घरगुती लाल सिलिंडर धंद्यात वापरणे गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे एका सिलिंडरमधून दुसऱ्यात उलटा करून गॅस भरणे. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत, वर वाफेसाठी साधारण १५ टक्के जागा सोडलेली असते. उलटा करून भरताना ती जागा कोणी मोजत नाही. दुपारच्या उन्हात आतला द्रव फुगतो आणि जागा नसली की सिलिंडर फुटतो.

पोदेरांची (पाववाल्यांची) गोष्ट थोडी निराळी. ज्यांची भट्टी अजून लाकडावर चालते त्यांचा पाव आखातावर अवलंबून नाही. डिझेल बर्नरवर गेलेल्यांनी जुनी भट्टी पाडली नसेल तर पाडू नये, एवढेच सुचवतो.

कॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवले तर?

ठेवू नका. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण धातूच्या घट्ट डब्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि तेलाचे कॅन त्यात बसत नाहीत. शिवाय आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. आपल्याकडे जुलैतल्या हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये काही आठवड्यांत पाणी साचून इथेनॉल तळाला वेगळे होऊ शकते. ते स्कूटरमध्ये ओतले की गाडी सुरू होत नाही आणि कार्बोरेटर गंजतो. त्यापेक्षा टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, ही सवय पुरे.

जनरेटरसाठी डिझेल किती ठेवावे?

डिझेलला सवलत मोठी आहे. परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंत, पण एका भांड्यात १,००० लिटरहून जास्त नको. बाजारात जनरेटरच्या टाक्या ९९० लिटरच्या का मिळतात, त्याचे कारण हेच.

खप असा काढा: एका युनिटला साधारण ०.२७ लिटर. ६२.५ केव्हीएचा संच तीन-चतुर्थांश भारावर सुमारे ३७ किलोवॉट देतो आणि तासाला १० लिटर पितो. दिवसाला चार तास धरले तर ९९० लिटर पंचवीस दिवसांच्या आसपास जातात.

साठवलेले डिझेल बिघडते ते पाण्याने. रात्री टाकीच्या रिकाम्या भागात दव धरते, पाणी तळाला जाते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ फिल्टरमध्ये अडकतो. मग वीज गेल्यावर संच दोन मिनिटे चालून बंद पडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. टाकी भरलेली ठेवा, तळाचा नळ आठवड्याला उघडून पाणी काढा, सहा महिन्यांत माल फिरवा, सुटे फिल्टर दोन ठेवा. संच ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चालवू नका. न जळालेले इंधन धुराड्यात साचते.

युद्धामुळे गोव्याची वीज जाईल का?

इंधनाच्या टंचाईने जाण्याची शक्यता फारच कमी. गोव्याची वीज मुख्यतः बाहेरून येते आणि तिच्यात कोरबा, विंध्याचल अशा कोळशाच्या केंद्रांचा वाटा मोठा आहे. तिथला कोळसा जवळच्याच खाणींतून निघतो. देशाच्या विजेत गॅसचा वाटा अगदी थोडा, दोन-तीन टक्के.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. मुरगावात उतरणारा, वास्कोच्या खिडक्यांवर धूळ होऊन बसणारा कोळसा आपल्या विजेसाठी नसतो. तो प्रामुख्याने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. तो बंद झाला तर पंखा थांबणार नाही आणि तो आला म्हणून वीज स्वस्तही होत नाही.

गोव्याची दुखरी नस आहे ती वाहिन्यांची. मोजक्याच उच्चदाब वाहिन्या घाटांतून आणि जंगलांतून इथे येतात. त्यातली एक तुटली की अर्धे राज्य अंधारात जाते आणि त्यासाठी क्षेपणास्त्र लागत नाही. झाडाची एक फांदी पुरते.

ब्लॅकआउटचा सराव असेल तर मेन स्विच बंद करायचा का?

नाही. फक्त बाहेर दिसणारे दिवे घालवा, पडदे ओढा. फ्रीज, पंखा, पंप चालू राहू द्या. सगळ्यांनी एकाच मिनिटाला सगळेच बंद केले तर ग्रिडवरचा भार धाडकन उतरतो आणि फ्रिक्वेन्सी चढते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला देशाने नऊ मिनिटे फक्त दिवे घालवले, तरी मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली होती. जलविद्युत केंद्रे वेगाने खालीवर करून ती सांभाळावी लागली. इन्व्हर्टरवर लागणारे दिवे आठवणीने बंद करा. ७ मे २०२५ च्या सरावासारख्या वेळी घराला फितूर होतात ते हेच.

छपरावर सोलर बसवले तर आम्ही स्वतंत्र होऊ का?

बिलापुरते होय, अंधारापुरते नाही. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो, भर दुपारीसुद्धा. लाइनवर चढलेल्या कामगाराला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम असते. वीज नसतानाही चालायला हवे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

३ किलोवॉटचा संच चांगल्या महिन्यांत दिवसाला सुमारे १२ युनिट देतो, आषाढ-श्रावणात निम्म्याखाली येतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. इंडक्शनचे साडेतीन युनिट यात सहज बसतात, म्हणून आमच्या मते गॅसच्या काळजीवर सोलर आणि इंडक्शन ही जोडीच टिकाऊ उपाय आहे. खाऱ्या वाऱ्याकडे लक्ष द्या. किनाऱ्यालगत गॅल्वनाइज्ड नट-बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच मागा.

ट्रॉलरवाल्यांना किती फटका?

डिझेल इंजिन एका किलोवॉट-तासाला साधारण पाव लिटर जाळते. १५० अश्वशक्तीचे इंजिन ७० टक्के भारावर तासाला १९-२० लिटर. दहा तासांच्या फेरीला २०० लिटरच्या आसपास गेले. लिटरमागे साडेपाच रुपये वाढले तर फेरीमागे ११०० रुपये.

मोठा धोका वेगळाच. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल पंपावरच्या भावापेक्षा २५ रुपयांच्या आसपास महाग झाले होते, कारण पंपाचा भाव रोखून धरला होता आणि घाऊक भाव मोकळा होता. महाराष्ट्रातल्या मच्छीमार संस्थांनाही त्याचा फटका बसला. मालिम, कुटबण, खारीवाडा इथल्या संस्थांनी आपला पुरवठा कागदोपत्री किरकोळ की घाऊक, हे हंगामाआधीच पाहून ठेवावे.

वेग १० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती २५ टक्क्यांहून जास्त उतरते. जून-जुलैच्या बंदीत बोट वर ओढली असतानाच पंखा आणि तळ खरवडून घ्या. शिंपले चिकटलेला पंखा घेऊन वेग कमी केल्याचा काही उपयोग नाही.

तेल १० डॉलरने महागले तर पेट्रोल किती वाढायला हवे?

एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. डॉलर ८५-९० रुपये धरला तर लिटरमागे साडेपाच रुपये, करांशिवाय. पण पंपावर तसे दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट (जगभर भाव ज्यावरून ठरतात ते कच्चे तेल) काही काळ १३९ डॉलरला शिवले, त्या एप्रिलनंतर भाव वर जाऊ दिले नाहीत आणि २१ मे रोजी केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केला. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात तेल ७० वरून ८० डॉलरकडे गेले, २४ तारखेच्या युद्धविरामानंतर पुन्हा ७० च्या खाली आले आणि इथल्या पंपावर काहीच हलले नाही. वाढ आधी तेल कंपन्यांच्या ताळेबंदात साचते, फार दिवस टिकली तरच आपल्याकडे येते.

गोव्यात एक स्थानिक गंमत आहे. महाराष्ट्रापेक्षा इथे पेट्रोल स्वस्त, म्हणून सिंधुदुर्गातल्या गाड्या पेडण्यात येऊन टाक्या भरतात. अफवेच्या दिवशी पत्रादेवीकडच्या पंपावरची रांग निम्मी पलीकडची असते.

तेलाच्या बोटीवर असलेल्या तारवटींच्या (खलाशांच्या) घरच्यांनी काय पाहावे?

बोट युद्धजोखमीच्या क्षेत्रात जाणार असेल तर ते करारात आणि कळवण्यात आले आहे का, जादा भत्ता आणि दुप्पट नुकसानभरपाई लागू आहे का, आणि त्या क्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क कसा वापरायचा, हे कंपनीच्या कार्यालयाला लेखी विचारा. बोट निघण्याआधीच विचारलेले बरे.

टंचाई खरी की अफवा, हे कसे ओळखायचे?

आपल्या एजन्सीला एकच विचारा: आज कुठल्या तारखेच्या बुकिंगचे सिलिंडर बाहेर पडताहेत? दोन-तीन दिवसांपूर्वीचे असतील तर सगळे सुरळीत आहे. आठ दिवसांपूर्वीचे म्हटले तर पुरवठा खरोखर ताणला आहे. दुसरी खूण निळ्या सिलिंडरची: हॉटेलांना मागितले तेवढे मिळेनासे झाले की घरगुती रांग साधारण पुढच्या आठवड्यात लांबते. तिसरी खूण महिना संपताना सौदी अरामको जाहीर करते त्या प्रोपेन-ब्युटेनच्या भावाची, कारण आपल्या गॅसचा दर त्याच्यावर बेतलेला असतो. पंपावरची रांग यातल्या कशाचीच खूण नाही.